अ‍ॅबट्सबरीचं दशमांश कोठार: पडक्या भागात काय बघायचं?

वाटसरू: इंग्लंडच्या डॉर्सेटमधल्या अ‍ॅबट्सबरीसाठी अर्धा दिवस हाताशी आहे. मठाच्या दशमांश कोठाराचा (दशमांश म्हणजे चर्चला द्यायचा पिकाचा दहावा हिस्सा) एक भाग छपरासकट शाबूत आहे, बाकीचा उघडा पडलाय. नुसत्या भिंतींवरून कोठार कसं चालायचं ते कळतं का?

चुनखडी: कळतं, पण आधी दारं शोधा. अशा कोठारांत दारं समोरासमोर असतात. त्यांच्या मधली जमीन मळणीची. दोन्ही दारं उघडली की आरपार वारा, त्यावर उफणणी; दोन्ही बाजूंना पेंढ्यांची रास. बऱ्याच ठिकाणी एक दार भरलेली गाडी जाईल एवढं उंच आणि समोरचं बुटकं असतं, कारण बाहेर पडणारी गाडी रिकामी. मग झरोके बघा: बाहेरून अरुंद, आतून ऐसपैस. आपल्याला किल्ल्यांची सवय, त्यामुळे जंग्या वाटतात, पण हे फक्त हवेसाठी. धान्य कोंदट राहिलं की बुरशी धरतं. ओळीत चौकोनी भोकं दिसली तर ती बांधकामाच्या वेळी परांचीचे वासे खोचायची.

कोनाडा: भिंतीबाहेरचे दगडी धिरे, म्हणजे भिंतीला दिलेले टेकू, विसरू नका. छताच्या कैचीचा भार साधारण त्यांच्याच रेषेत उतरतो, म्हणजे दोन धिऱ्यांमध्ये एक खण. शाकारलेल्या भागात एक खण पावलांनी मोजा आणि तेच माप उघड्या भागात लावत जा. सुमारे १४०० सालचं हे कोठार मुळात जवळजवळ ८३ मीटर लांब होतं, ते असं चालल्यावरच पटतं. मठ १५३९ मध्ये बंद झाला.

वाटसरू: भिंतीवर चढून फोटो घेता येईल?

चुनखडी: अजिबात नको. छप्पर गेलं की भिंतीचा माथा भिजतो, चुना धुपतो आणि गाभ्यातली भर सुटी होते. वरचे दगड नुसते ठेवल्यासारखे असतात. आयव्हीची वेलही ओढू नका, मुळांसोबत दगड येतो. कुठे सिमेंटने दरजा भरलेल्या दिसल्या तर शेजारचा दगड बघा: आत अडकलेलं पाणी थंडीत गोठून फुगतं आणि पापुद्रे सुटतात. वरून फोटो हवा तर सेंट कॅथरीन्स चॅपलची टेकडी चढा, चढ खडा आहे.

कोनाडा: शाबूत भाग मुलांच्या फार्मच्या आवारात येतो. तिकीट आणि हंगामी वेळा आधी तपासा. जमलं तर त्याआधी विल्टशरमधल्या ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनचं कोठार बघा: १४ खण, ५१ मीटर, वरच्या लाकडी कमानी जागेवर, प्रवेश फुकट, स्टेशनपासून चालत.