मारिया आन्द्रेयचिक: रिओ ते टोकियो

प्रश्न (क्रीडाशिक्षक, परभणी)
मी गावातील शाळेत भालाफेक शिकवतो. आमची एक विद्यार्थिनी विभागीय स्पर्धेत बोटभर अंतराने चौथी आली आणि तेव्हापासून खांदा दुखतो म्हणून मैदानाकडे फिरकलेली नाही. पोलंडची भालाफेकपटू मारिया आन्द्रेयचिक हिचे पदक रिओ ऑलिंपिकमध्ये असेच थोडक्यात हुकले आणि पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये तिला रौप्यपदक मिळाले, एवढे मला ठाऊक आहे. मधल्या काळात काय घडले, हे कोणी नीट सांगेल काय? मुलीला मोघम काही सांगायचे नाही.

उत्तर (लातूर)
सर, २०१६ मध्ये वीस वर्षांच्या मारियाने पात्रता फेरीत ६७.११ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला होता. सारा कोलाकला सुवर्णपदक ६६.१८ मीटरवर मिळाले, म्हणजे मारियाची ती फेक सुवर्णपदकाच्या फेकीपेक्षाही लांब होती. परंतु पात्रतेतील अंतर अंतिम फेरीत धरले जात नाही. तेथे तिची सर्वोत्तम फेक ६४.७८ मीटर ठरली आणि बारबोरा श्पोताकोवाने ६४.८० मीटरवर कांस्यपदक घेतले. फरक दोन सेंटीमीटरचा! आपल्या काळ्या मातीत भाल्याचे टोक रुतल्यावर पंच ज्या खुणेवर टेपचे शून्य टेकवतात, ती खूण डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हे अंतर किती थोडे होते ते कळेल.

पुढे तिच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली आणि २०१८ मध्ये हाडाच्या कर्करोगाचे निदान झाले. त्यातून उठून तिने मे २०२१ मध्ये क्रोएशियातील स्प्लिट येथे ७१.४० मीटर फेक केली. तोवर अधिकृत नोंदींनुसार सध्याच्या बनावटीचा भाला तिच्यापेक्षा लांब फक्त श्पोताकोवा आणि ओस्लेदिस मेनेंदेस यांनीच फेकला होता. माझ्या मते तिच्या कारकिर्दीचे शिखर हेच. टोकियोतील रौप्यपदक तिला ६४.६१ मीटरवर मिळाले, म्हणजे रिओतील चौथ्या क्रमांकाच्या फेकीपेक्षाही १७ सेंटीमीटर कमी अंतरावर. मुलीला हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवा.

उत्तर (बीड)
ते पदकही तिने लगेच लिलावात काढले, हृदयाच्या शस्त्रक्रियेची गरज असलेल्या एका तान्ह्या बाळासाठी. बोली जिंकणाऱ्या झाब्का या पोलिश दुकानसाखळीने पदक तिच्याकडेच राहू दिले.

उत्तर (नांदेड)
आकडे दाखवण्याआधी खांदा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, सर. दुखत्या खांद्याने भाला उचलू देऊ नका. ती अठरा वर्षांखालील गटात असेल, तर तिचा भाला ५०० ग्रॅमचाच आहे ना, हेही पाहा. शाळांत बहुधा ६०० ग्रॅमचा एकच भाला असतो आणि तोच सर्वांच्या हाती जातो.

प्रश्नकर्ता
आमच्याकडे एकच आहे, ६०० ग्रॅमचा. उद्या तिच्या वडिलांना भेटून आधी डॉक्टरांकडे जातो.