जिमनीला २ इंच लिफ्ट मारावी का? शेताच्या वाटेवर खालून घासतेय

वेल्ह्याकडचा_बाळ्या

नमस्कार मंडळी. मारुतीची ४x४ जिमनी घेऊन दीड वर्ष झालं, मॅन्युअल, २१ हजार किमी, सगळी स्टॉक आहे, म्हणजे कंपनीतून आली तशीच. आमचं शेत वेल्ह्याच्या पुढं आत आहे, डांबरी सोडली की दीडेक किमी कच्ची वाट आणि त्यातला शेवटचा तीनशे मीटरचा तुकडा म्हणजे ट्रॅक्टरनं पाडलेल्या खोल चाकोऱ्या, पावसाळा सरला की मधला उंचवटा दगडासारखा कडक होतो आणि तिथं गाडी खालून कर्रर्र करत घासते, मागं बसलेली आई दर वेळी "गेलं रे काहीतरी" म्हणते, आता मलाही तसंच वाटायला लागलंय.

एक गॅरेजवाला २ इंच लिफ्ट सांगतोय, म्हणजे सस्पेन्शनवर गाडी तेवढी उंच करायची. स्प्रिंग-शॉकचं पूर्ण किट बसवून ७० हजार, नाहीतर स्प्रिंगा त्याच ठेवून नुसते स्पेसर, म्हणजे ठोकळे, टाकून १२ हजारात करून देतो म्हणतो. माझा वापर ९० टक्के डांबरीवर, महिन्यातनं दोनदा सातारा हायवे. लिफ्ट केल्यावर हायवेला गाडी डुलते का? आरटीओचं काय? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा प्लीज, यूट्यूबवर सगळे किट विकायलाच बसलेत.

जिप्सी_अजून_चालू

बाळ्या, आधी एक काम कर, पोतं अंथर आणि गाडीखाली झोप. नक्की काय घासतंय ते बघ. माती कुठं चिकटलीय, रंग कुठं खरवडलाय, ते बघितल्याशिवाय एक रुपया खर्च करू नकोस.

कारण असं बघ, जिमनीला पुढं-मागं दोन्हीकडं सलग अ‍ॅक्सल आहे, आमच्या जिप्सीसारखाच, फक्त पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंगा. तू स्प्रिंग उंच टाकलीस की वर काय जातं? चासी आणि बॉडी. अ‍ॅक्सल आहे तिथंच राहतो कारण तो चाकावर उभा आहे, स्प्रिंगवर नाही. आणि गाडीत सगळ्यात खाली काय तर त्या अ‍ॅक्सलमधला डिफरन्शियलचा गोळा, डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटणारे गिअर असतात तो. म्हणजे तुझ्या चाकोरीत जर तो गोळा घासत असेल तर २ इंच काय ४ इंच लिफ्ट मारलीस तरी तो तिथंच घासणार, एक मिमी फरक नाही. तो वर जातो फक्त टायर मोठा टाकला तर.

आता टायरचा हिशोब. कंपनीचा १९५/८० आर१५ म्हणजे उंची साधारण ६९३ मिमी. २१५/७५ टाकलास तर ७०३, म्हणजे गोळा वर गेला फक्त ५ मिमी. २३५/७५ टाकलास तर ७३३, तेव्हा कुठं २० मिमी मिळतात. पण मग ते टायर वळताना घासायला लागतात, १०५ पीएसच्या इंजिनाला पुढचा प्रत्येक गिअर जड जातो आणि स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी ८५ च्या आसपास असते.

नाशिककर_४एल

वरच्या दादांशी सहमत. मी आधी करून बसलोय आणि मग शहाणा झालोय म्हणून सविस्तर लिहितो.

मी स्पेसर टाकले होते, तुझ्यासारखंच कुणीतरी स्वस्तात सांगितलं म्हणून. पहिल्या दिवशी गाडी काय दिसली राव, चार फोटो काढले, स्टेटसला टाकले. दुसऱ्या दिवशी स्पीडब्रेकर उतरताना खालून टॉक करून आवाज. शॉक तोच ठेवून वर ठोकळा घातला की शॉकची खाली पसरायची जागा ठोकळ्यानं खाल्लेली असते, चाक खड्ड्यात लोंबायला गेलं की शॉक टोकाला जाऊन आपटतो. म्हणजे ऑफरोडला जिथं चाक जमिनीला टेकलेलं हवं तिथंच ते लवकर हवेत जातं. आपण काय मिळवलं मग?

आणि खरी मजा हायवेला. पुढचा अ‍ॅक्सल दोन लांब आर्मना धरलेला असतो, गाडी वर उचलली की ते आर्म खाली झुकतात आणि अ‍ॅक्सल थोडा गोल फिरतो, त्यानं कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो ना, तो तिरकेपणा, त्याच्यामुळं हँडल आपोआप सरळ येतं. तो कमी झाला की स्टिअरिंग सरळ यायला आळस करतं, ८० च्या पुढं गाडी कधी इकडं कधी तिकडं, सारखं सांभाळत बसायचं. एकदा एक खड्डा लागला आणि स्टिअरिंग हातात असं थडथडलं की मी गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं नुसता बसून होतो. बायको त्या दिवसापासून त्या गाडीत हायवेला बसत नव्हती.

अजून एक, पॅनहार्ड रॉड. चासीपासून अ‍ॅक्सलपर्यंत आडवा दांडा असतो, गाडी वर गेली की तो अ‍ॅक्सलला एका बाजूला ओढतो, मागून बघितलं तर एका बाजूचं चाक जरा बाहेर दिसतं. आणि स्टिअरिंगही वाकडं येतं, ते स्टिअरिंगच्या लिंकवर सरळ करून घ्यावं लागतं, नाहीतर सरळ जाताना ईएसपीला (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी सिस्टिम) वाटतं गाडी वळतेय.

तेव्हा करायचंच असेल तर पूर्ण कर. जास्तीत जास्त ४० मिमी, लांब शॉक, कॅस्टर करेक्शनचे बुश, अ‍ॅडजस्टेबल पॅनहार्ड रॉड, ब्रेकचे पाइप पुरतात का ते चाक पूर्ण लोंबवून तपासायचं, शेवटी अलाइनमेंट आणि हेडलाइट खाली करणं, नाहीतर समोरचा शिव्या देतो. हे सगळं धरलं तर ७० हजारात भागत नाही हेही सांगून ठेवतो. मी शेवटी स्पेसर काढून टाकले.

कोकणी_काळा_कोट

आरटीओचं मी सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच म्हटलंय. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर दर बदलामागं ५ हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रस्त्यात कुणी टेप घेऊन गाडी मोजत नाही हे खरंय, पण अपघात झाला आणि इन्शुरन्सचा सर्व्हेअर आला की तो बरोब्बर खाली वाकून बघतो. तुमच्या आईंना घेऊन हायवेला जाता ना, मग एवढं लक्षात ठेवा.

दुबईचा_पम्या

आमच्याकडं वाळूत लिफ्टपेक्षा टायरची हवा कमी करणं जास्त कामाला येतं, १५ पीएसआयवर आणली की चाक पसरतं आणि तरंगतं. पण तुझ्या केसला ते उलटं पडेल भाऊ, हवा सोडली की गाडीच खाली बसते. माझी तीन दारी आहे, व्हीलबेस २२५० मिमी. तुमची पाच दारी २५९० ची, ३४० मिमी जास्त, म्हणून पोट लवकर लागतं. त्यामुळं लिफ्टचा विचार अगदीच येडपट नाहीये, बांधावर चढून पलीकडं उतरताना पोट अडकत असेल तर फायदा होतो. ब्रेकओव्हर, म्हणजे पोट न टेकता जेवढा उंचवटा ओलांडता येतो तो कोन, २४ डिग्री आहे ना तुमचा, ४० मिमीनं तो ढोबळमानानं तीन-साडेतीन डिग्री वाढतो.

जिप्सी_अजून_चालू

पम्याचं बरोबर आहे, पण बांध वेगळा आणि चाकोरी वेगळी. चाकोरीत चाक खाली जातं, मधला उंचवटा वर येतो, तिथं गोळा. बांधावर मधलं पोट. म्हणून म्हणतोय झोप खाली.

आणि बाळ्या, चाकोरीत चाकं घालतोसच कशाला? एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं कडेच्या धारेवर, फोर-लोमध्ये (चारही चाकांना ताकद, हळू पण जोरदार) पहिल्या गिअरला हळूहळू जायचं. गाडी जरा तिरकी होते पण चाकोरी दोन्ही चाकांच्या मधे राहते. आम्ही जिप्सी तशीच काढायचो, तिचाही क्लिअरन्स २१० च होता.

वेल्ह्याकडचा_बाळ्या

काल रविवारी झोपलो खाली, आई विचारत होती काय हरवलंय. तर मंडळी, मागचा डिफचा गोळा खालून चकाचक घासलाय, पुढच्यालाही थोडं. आणि मागच्या आर्मचे चासीवरचे ब्रॅकेट आहेत ना, त्यातल्या एकाला जुना ओरखडा, तो बहुतेक ओढ्यातल्या दगडाचा. मधल्या पोटाला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसखालचा भाग, एकदम स्वच्छ. तेल गळत नाहीये कुठं.

म्हणजे लिफ्टचे ७० हजार वाचले म्हणायचे. एक चाक उंचवट्यावर घालून बघितलं, पहिल्यांदा घाबरलो, आई उतरून चालत आली. दुसऱ्या फेरीला आवाज न करता निघाली. फक्त एका ठिकाणी कडेला घाणेरी आणि काटेरी तार आहे, तिथं जागाच नाही, तिथं अजून घासतं.

नाशिककर_४एल

तेवढ्या तुकड्यावर कुदळ मार ना. दोन तास काम आहे. नाहीतर शेजाऱ्याला घेऊन एक डंपर मुरूम टाका, किटच्या मजुरीत येईल.

वेल्ह्याकडचा_बाळ्या

ट्रॅक्टर शेजाऱ्याचाच आहे, चाकोऱ्या त्यानंच पाडल्यात 😄 त्याला अर्धे पैसे मागतो. टायर अजून १५ हजार किमी चालतील, ते झिजले की २१५/७५ बघू, तेव्हा परत इथंच विचारायला येईन.