मृगाच्या पावसात सापडलेल्या दोन राणी मुंग्या : जात कशी ओळखावी?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव)

सर्वांना नमस्कार. मृगाचा पहिला मोठा पाऊस उघडला, त्याच संध्याकाळी आमच्या व्हरांड्यातील दिव्याखाली मला एक राणी मुंगी सापडली. तिचे पंख गळून पडलेले होते आणि ती भिंतीच्या कडेने फट शोधत फिरत होती. पट्टीशेजारी ठेवून मोजली, तेव्हा लांबी सुमारे १७ मिलिमीटर भरली. रंग काळा, चकाकी बेताची, पाय मुळाशी तांबूस. शेजारच्या कानडी आजींनी पाहताक्षणी ‘कट्टिरुवे’ म्हणून सांगितले, म्हणजे आपला मुंगळाच. परंतु मोठ्या काळ्या मुंग्यांच्या जाती अनेक असल्यामुळे तेवढ्यावर, तिला पाळण्यासाठी ठेवलेल्या काचेच्या नळीवर नाव लिहावेसे वाटत नाही.

दुसरी राणी दोन दिवसांनी खानापूर तालुक्यात मामांच्या भातशेताच्या बांधावर मिळाली. ती गडद तपकिरी असून २२ मिलिमीटर लांब आहे, पोट इतके जड की चालताना जमिनीला घासते, आणि तिचे पंख अद्याप शाबूत आहेत.

गेल्या वर्षी एका राणीला जात न ओळखताच मी रोज साखरपाणी दिले आणि रोज नळी उघडून पाहिली. तिने स्वतःची अंडी खाऊन टाकली व पंधरा दिवसांत ती मेली. ती चूक मला पुन्हा करायची नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (खानापूर)

आपण लांबी मोजलीत हे चांगले केलेत, मात्र ओळखीची सुरुवात कंबरेपासून करावी आणि रंग व लांबी शेवटी पाहावी, कारण एकाच रंगाच्या आणि एकाच मापाच्या राण्या अगदी वेगळ्या उपकुळांतल्या निघतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि छाती व पोट यांच्यामधला बारीक भाग बाजूने पाहा. तिथे एकच उभी गाठ असेल, पोट सलग गुळगुळीत असेल आणि पोटाच्या टोकाला नांगीऐवजी बारीक केसांनी वेढलेले गोल छिद्र असेल, तर ती मुंगळ्याच्या उपकुळातली. एकच गाठ, पण पोटावर आवळल्यासारखी खाच आणि टोकाला नांगी, असे असेल तर ती शिकारी मुंग्यांपैकी असण्याची शक्यता मोठी. एकामागे एक दोन गाठी असतील, तर ती तिसऱ्याच उपकुळातली.

पहिल्या राणीबाबत आणखी एक खूण तपासावी. मुंगळ्यांच्या, म्हणजे कॅम्पोनोटस प्रजातीच्या, स्पर्शिका तोंडावरच्या पट्टीला अगदी लागून नसतात, तर थोडे अंतर सोडून वर उगवलेल्या असतात. हे जुळले की प्रजाती ठरली. मग पोटावरची लव पाहा. रेशमी सोनेरी लव दाट असेल तर सेरिसियस, करडी रुपेरी असेल तर पॅरियस, अंगच पिवळसर तपकिरी असेल तर इरिटन्स, आणि लव जवळजवळ नसून अंग मंद काळे असेल तर कॉम्प्रेसस, म्हणजे आपल्या अंगणातला नेहमीचा मुंगळा. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने १७८७ साली नाव दिलेली हीच ती जात. आपल्या वर्णनावरून माझा कौल तिच्याकडेच आहे.

जाता जाता एक विनंती. भीमगड अभयारण्याच्या हद्दीतून राणी उचलू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथे परवानगी लागते. त्याच परिसरातील बारापेडे गुहेतल्या वटवाघळाला ज्यांचे नाव आहे, ते रॉटन हे मुंबई इलाख्यातील वनाधिकारी मुंग्यांचेही मोठे अभ्यासक होते. आपण ज्या मातीत शोधत आहात, तिथल्या मुंग्यांचा अभ्यास सव्वाशे वर्षांहून जुना आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

उत्तर २ (निपाणी)

संगोपनापुरते सांगतो. मुंगळ्याची राणी पहिली पिल्ले वाढेपर्यंत काही खात नाही. पंखांचे स्नायू आता तिला नको असतात, ते विरघळवून ती स्वतःचे आणि पिल्लांचे पोषण करते. गेल्या वर्षीची आपली राणीही याच प्रकारची असेल, तर साखरपाण्याची गरज नव्हतीच, आणि रोजच्या उजेडाने व धक्क्यांनी ती बिथरली असणार. नळीचा एक तृतीयांश भाग पाण्याने भरून कापसाचा बोळा घट्ट बसवा, राणी आत सोडून नळीच्या तोंडालाही कापूस लावा, वर कापड गुंडाळून कपाटात ठेवा आणि आठवड्यातून एकदाच पाहा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत महिना-दीड महिन्यात पहिल्या कामकरी मुंग्या दिसाव्यात. शिकारी मुंग्यांच्या अनेक राण्यांना मात्र सुरुवातीपासूनच अन्न द्यावे लागते, म्हणून वर सांगितलेली गाठ आणि खाच पाहणे टाळू नका.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी खिडकीत धरून भिंगातून पाहिले. पहिलीला एकच गाठ असून ती पाकळीसारखी उभी आहे, स्पर्शिका पट्टीपासून दूर आहेत आणि पोटावर तुरळक केसांखेरीज लव नाही. कपाळावर ठिपक्यांएवढे तीन छोटे डोळेही स्पष्ट दिसले. दुसरीला मात्र दोन गाठी आहेत, आणि स्पर्शिकेची शेवटची दोन पेरे गदेसारखी जाड आहेत.

उत्तर १ (खानापूर)

मग पहिलीच्या नळीवर कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस असे नि:शंकपणे लिहा. दुसरी, दोन गाठी, दोन पेरांची गदा आणि तो अवजड आकार पाहता, कॅरेबारा प्रजातीची दिसते. जातीचे नाव मात्र कामकरी मुंग्या आल्यावरच लिहावे. कॅरेबारा डायव्हर्सा या जातीत सर्वांत मोठी कामकरी सर्वांत लहानीपेक्षा वजनाने सुमारे ५०० पट भरते, इतका फरक एका वारुळात असतो; त्यामुळे ओळख पटवायला मोठ्या डोक्याच्या कामकरी हाती लागाव्या लागतात. पहिली तुकडी मात्र अगदी बारीक, जेमतेम दोन मिलिमीटरची असते आणि सैल कापसातून सहज निसटते, तेव्हा बोळा दुपटीने घट्ट बसवा.

तिचे पंख शाबूत असल्याने मीलन झाले आहे की नाही, हे आज सांगता येणार नाही. काही राण्या मीलनानंतरही पंख उशिरा टाकतात, म्हणून तीन आठवडे वाट पाहा. अंडी दिसली नाहीत आणि पंखही गळले नाहीत, तर पावसाची उघडीप पाहून एखाद्या संध्याकाळी तिला मामांच्या त्याच बांधावर सोडून यावे.