मदत हवी आहे: वस्तीवर राखणीला बारा बोअर बंदूक, मामंजींची जुनी दुनळी की नवी पंप?

नमस्कार. बंदूक हाताळलेल्या, परवाना काढलेल्या माणसांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

आमची वस्ती नान्नज शिवारात, बार्शी रस्त्यापासून दीडेक किलोमीटर आत. घरात मामंजी (वय ७४), सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन लेकरं, थोरला नऊ वर्षांचा, धाकटी पाच. शेजारची वस्ती हाकेच्या टप्प्यात नाही. द्राक्षबाग आहे. उन्हाळ्यात बेदाण्याचं शेड भरतं आणि वर्षाची सगळी कमाई तिथं पडून असते. शेतीची लाईट काही दिवस रात्रीची येते, त्या दिवसांत हे मोटारीवर, पाण्याच्या पाळीला. घरी मी, दोन म्हातारी माणसं आणि मुलं.

गेल्या महिन्यात पलीकडच्या शिवारात चोरटे आले. बाकीच्या खोल्यांना बाहेरून कड्या घातल्या, म्हाताऱ्याला काठीनं मारलं, सुनेच्या कानातलं ओरबाडून नेलं. कानाची पाळी तुटली तिची. दुसऱ्या दिवशी भेटायला गेले तर ती एकच सांगत होती, "आवाज आला तेव्हा मी जागी होते गं, पण काय करावं ते सुचलंच नाही." तेव्हापासून मला धड झोप नाही.

मामंजींकडे परवान्याची दुनळी आहे. बारा बोअर, बाहेर दोन घोडे (चाप ओढल्यावर आपटणारे हातोडे) असलेली, १९८१ साली घेतलेली. निवडणूक लागली की ठाण्यात जमा होते, निकालानंतर परत येते. मी लग्न होऊन आल्यापासून ती चाललेली पाहिली नाही. जुन्या धोतरात गुंडाळून कपाटावर असते. सोबत डबाभर काडतुसं, त्यांच्या पितळी बुडांवर हिरवट थर चढलाय. आता मामंजींचे हात थरथरतात.

ह्यांचं म्हणणं, जुनी देऊन टाकू आणि नवी पंप (नळीखालची मूठ मागेपुढे ओढून भरायची बंदूक) घेऊ. दुकानदारही तेच म्हणाला, एकदा भरली की चार-पाच बार. माझा भाऊ म्हणतो, दुनळीच ठेवा, फक्त नळी हातभर कापून घ्या, म्हणजे घरात फिरवायला सोपी जाईल. मामंजी म्हणतात, दोन बार पुष्कळ झाले, दोन बारांत जो पळत नाही तो चारांतही पळत नाही.

रात्री घरात मी असते, त्यामुळे वस्तू मला चालवता आली पाहिजे. माझी उंची पाच फूट एक इंच. दुनळी खांद्याला लावून पाहिली तर दस्ता लांब पडतो, मान पुढे काढावी लागते.

तर विचारायचंय ते असं. एवढी जुनी बंदूक वापरावी का? पंप बाईमाणसाला झेपते का? आमच्या घराला वर पत्रा आणि मधल्या भिंती एका विटेच्या, मुलं पलीकडच्या खोलीत, तर काडतूस कुठलं? परवाना कुणाच्या नावे करावा? आणि लेकरं असलेल्या घरात ठेवावी कशी? या शेवटच्या प्रश्नानं मी सगळ्यात जास्त अडले आहे.

बार्शीकर माजी सैनिक:

ताई, आधी ती हिरवी काडतुसं बाजूला काढा आणि एकही चालवू नका. परवाना असलेल्या दुकानातच ती द्या. उकिरड्यात किंवा विहिरीत टाकू नका.

आता बंदूक. त्या काळच्या पुष्कळ दुनळ्यांचा चेंबर (नळीच्या बुडाशी काडतूस बसतं ती जागा) अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचा असतो. आज मिळणारी बरीच काडतुसं ७० मिलिमीटरची. गंमत नाही ही, धोका आहे. न उडालेलं ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरात बिनबोभाट बसतं. उडाल्यावर त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. नळ्यांच्या बुडाशी, खालच्या बाजूला, आकडे कोरलेले असतात ते पाहा. मग परवानाधारक कारागिराकडून नळ्या आतून तपासून घ्या, गंज, खड्डे, फुगवटा, बिजागरीचा ढिलेपणा, घोड्यांचा खटका. यातलं काही निघालं तर तिचा मोह सोडा.

चांगली निघाली तर माझं मत मामंजींच्या बाजूचं. दुनळी मोडली, म्हणजे बिजागरीवर उघडली, की रिकाम्या नळ्यांतून आरपार उजेड दिसतो. भरलेली की रिकामी, हे पाच वर्षांच्या पोरीलाही कळेल. पंप वाईट नाही, मी चालवली आहे. पण तिची मूठ मागे पुरती ओढून पुढे पुरती सारावी लागते. घाबरलेल्या हातानं अर्धवट ओढली की काडतूस अडकतं, आणि अंधारात ते काढायचा सराव महिन्याला हात लावणाऱ्याला होतो, वर्षाला लावणाऱ्याला नाही. शिवाय नळीखालच्या नळकांड्यात काडतूस राहिलं तर बाहेरून कळत नाही. लेकरांच्या घरात ही गोष्ट मला फार मोठी वाटते. एकनळीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण हलकी असते म्हणून कुणी सुचवेल. हलकी तेवढी जास्त लाथ मारते.

दस्ता लांब पडतो त्यावर उपाय आहे. कोपर काटकोनात वाकवा, दस्त्याचं बूड कोपराच्या खोबणीत टेकवा. बोटाचं पहिलं पेर चापावर आरामात आलं पाहिजे. येत नसेल तर कारागीर लाकूड कमी करून मागे रबराची गादी बसवून देतो. लाकूड कमी करा, नळी नाही. नळी कापून आखूड करणं हा शस्त्र कायद्याच्या कलम ६ खालचा विषय आहे, बिनपरवाना तो गुन्हा. भावाला स्पष्ट सांगा.

आणखी एक गैरसमज काढून टाका. छर्रा पसरतो, त्यामुळे नेम धरावा लागत नाही, असं लोक म्हणतात. साध्या नळीतून छर्रा ढोबळमानानं दर गजाला इंचभर पसरतो. तुमची खोली बारा फुटांची असेल तर तो पंजाएवढाच फुटतो. नेम धरावाच लागतो. आणि एलजी, एसजीचे मोठे दाणे पत्रा, लाकडी दार, प्लायवूड सहज पार करतात. एका विटेच्या भिंतीवरही मी भरवसा ठेवणार नाही. चार किंवा सहा नंबरचे बारीक दाणे कमी घुसतात, पण खोलीच्या अंतरावर तेही जीव घेतात. त्यामुळे काडतुसाच्या नंबराआधी दिशा ठरवा. दिवसा, रिकाम्या हातानं उभ्या राहून पाहा: कुठून दार दिसतं आणि दाराच्या मागे मुलांची खोली येत नाही. ती एक जागा सापडली की बाकीचं सोपं जातं. हवेत बार काढू नका, पत्रा वर आहे आणि छर्रा खाली येतोच.

सोलापूरकर वकील:

परवान्याचं सांगतो. तुम्ही शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत नाही, म्हणून अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. मामंजी हयात असतानाही शस्त्र वारसाच्या नावे होऊ शकतं: शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षं जवळ असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा. तुमच्याकडे दोन्ही झालंय. सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचं आणि वैद्यकीय प्रमाणपत्र लागेल, सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागेल, पोलीस ठाण्याचा अहवाल होईल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा आणि माणशी जास्तीत जास्त दोन शस्त्रं.

नान्नज म्हणालात म्हणून एक गोष्ट आवर्जून. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ३४: अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. माळढोक अभयारण्य तुमच्या दारात आहे. अर्जासोबतच हा विषय काढा, नाहीतर कागद महिनोन्‌महिने फिरत राहील. आणि बंदूक घेऊन अभयारण्याच्या हद्दीतून पायवाटेनंही जाऊ नका.

तपासणीला बंदूक नेताना मामंजींना फटफटीवर बसवायची गरज नाही. दुरुस्तीसाठी परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याला नेता येते. मोडून, रिकामी, परवान्यासह न्या.

आता बार काढण्याचा हक्क. भारतीय न्याय संहिता, कलम ४१: जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदयादरम्यानची घरफोडी, घराला आग लावणं, अशा प्रसंगी मालमत्तेच्या बचावाचा हक्क जीव घेण्यापर्यंत जातो. पण कलम ३७ त्याला मर्यादा घालतं, बचावाला लागेल त्याहून जास्त इजा नाही. बेदाण्याची पोती घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत बार घातला तर तुम्ही आरोपी. शेडच्या राखणीला बंदूक नाहीच असं मनाशी पक्कं करा, ती माणसांच्या राखणीला.

मोहोळची सुनबाई:

ताई, तुझ्यासारखीच वस्तीवर राहते म्हणून लिहिते. आमच्याकडे बंदूक आहे, आणि चोर आले त्या रात्री ती कपाटात, किल्ली ह्यांच्या खिशात आणि हे मोटारीवर होते. आम्हाला वाचवलं ते दोन कुत्र्यांनी आणि आतून घातलेल्या आडण्यानं. त्यानंतर आम्ही बाहेरच्या कड्याच काढून टाकल्या. बाहेरून कडी नसेल तर कोंडणार कशी? चारी कोपऱ्यांना दिवे लावले, इन्व्हर्टरवर. गावात ग्रामसुरक्षा यंत्रणेत नाव असेल तर एका फोनवर सगळ्यांना तुझ्याच आवाजातला निरोप जातो, आणि ११२ आहेच. हे आधी कर, बंदूक नंतर.

लेकरांचं म्हणशील तर कपाटावर ठेवणं म्हणजे लपवणं नव्हे. नऊ वर्षांचा मुलगा खुर्ची लावून काढतोच. आम्ही भिंतीत बोल्ट मारून लोखंडी पेटी बसवली, आकड्यांच्या कुलपाची. काडतुसं वेगळ्या पेटीत, दुसऱ्या खोलीत. आकडा फक्त परवानाधारकाला. आणि मुलाला एकदा समोर बसवून दाखवली, मोडून, रिकामी. न दाखवलेली वस्तू मुलं शोधतात.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी मी दारं-खोल्यांमधून फिरून पाहिलं. माजघराच्या उंबऱ्यावर उभं राहिलं तर पुढचं दार समोर येतं आणि मुलांची खोली पाठीशी राहते. ती जागा सापडल्यावर मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. बाहेरच्या कड्या ह्यांनी आजच काढल्या. बंदुकीच्या नळीखाली २½ असंच कोरलंय. म्हणजे त्या डब्यातल्या काडतुसांपेक्षा नव्या काडतुसांची भीती जास्त होती, आणि ती आम्ही आणणारच होतो.

मामंजींनी अधिकारपत्र लिहून दिलंय. अक्षर थरथरलेलं आहे, पण सही नीट आली. तपासणी होईपर्यंत बंदूक बंदच राहील. परवाना माझ्या नावे मागायचा असं घरात ठरलं, ह्यांनीही मान डोलावली.

एक राहिलं. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र देणारी अधिकृत सोय सोलापुरात किंवा जवळपास कुणी अलीकडे वापरली आहे का? तिथं बाईमाणसाला नीट शिकवतात का, खांद्याला लावण्यापासून? पाण्याची पाळी संपली की हे आठवडाभर घरी असतात, तेव्हा जाऊन येता येईल.