नवरदेवाचा सूट, न बसणारा खांदा आणि दुकानदाराचे वागणे : काय करता येईल?

प्रश्न : दारव्हा तालुक्यातील वाचक

सर्वांना नमस्कार. माझ्या धाकट्या भावाचे लग्न वैशाखात आहे. आमच्याकडील रीतीप्रमाणे दोन्हीकडची मंडळी मिळून जिल्ह्याच्या गावी बस्ता काढायला गेलो. साड्या, आहेराचे कापड, मानपानाचे टॉवेल-टोप्या हे सारे आटोपून आम्ही सूटच्या मजल्यावर चढलो तेव्हा दिवेलागण झाली होती. नवरदेवाचा सूट मुलीकडून असतो, म्हणून पैसे भावाचे होणारे सासरे देणार होते.

तेथील विक्रेत्याने हातात टेप घेतलीच नाही. भावाकडे एकवार पाहून त्याने ४० नंबरचा निळा कोट काढला. वरच्या फळीवरचे दोन कोट दाखवा, असे सासऱ्यांनी म्हटल्यावर ‘ते तुमच्या बजेटातले नाहीत’ असे त्याने सगळ्यांसमोर सांगितले. बजेट किती आहे, हे तोवर त्याने विचारलेही नव्हते. भावाने हात वर केला की सगळा कोट वर चढत होता, त्यावर ‘कोट असाच असते, ऑल्टरमध्ये सारं बसते, घ्याचा असन तर सांगा’ एवढेच उत्तर मिळाले. कोटाला लटकवलेल्या चिठ्ठीवर एमआरपी ९,९९९ रुपये होती, सवलत वजा जाता आम्ही ८,५०० रुपये रोख दिले. पक्के बिल मागितले तेव्हा त्यावर जीएसटी वेगळा लागेल असे सांगून साध्या पावतीवर आकडा लिहून दिला. त्या पावतीखाली ‘एकदा विकलेला माल परत अथवा बदलून मिळणार नाही’ असे छापलेले आहे.

ऑल्टर होऊन आलेल्या कोटाच्या बाह्या आखूड झाल्या आहेत, परंतु खांदा अजूनही बाहेर लोंबतो, मानेमागे कॉलर उभी राहते आणि डाव्या छातीवर इस्त्रीनंतर बारीक फुगे आले आहेत. मालकाने छापील ओळीवर बोट ठेवले आणि लग्नात दोन तासच तर घालायचा आहे, असे वर ऐकवले. ज्या माणसाने लेकीच्या लग्नासाठी कापसाच्या पैशांतून थोडे थोडे बाजूला ठेवले, त्याचा जावयासमोर झालेला अपमान मला रकमेपेक्षा जास्त लागला आहे. भाऊ संकोचाने गप्प आहे, कारण सूट त्याच्या पैशांचा नाही.

हा कोट दुरुस्त होऊ शकतो का, ती छापील ओळ खरोखर बंधनकारक आहे का, आणि पैसे दुसऱ्याने दिले असताना तक्रार माझा भाऊ करू शकतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : शिवणकाम करणारे, मोर्शी तालुका

भाऊ, मी कोट शिवतो, म्हणून कोटापुरतेच लिहितो. तयार कोटात बाहीची लांबी, कमरेचा घेर आणि पँटची उंची सहज बदलता येते, कारण शिवणीच्या आत थोडीफार माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली असते. खांद्याचे तसे नसते. तो लहान करायचा तर बाही पूर्ण उसवावी लागते, आतले पॅड काढावे लागते आणि मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेभोवतीचा भाग, नव्याने कापावा लागतो. अर्ध्या इंचापर्यंत चांगला कारागीर हे करू शकतो, त्यापुढे गेले की छाती आणि पाठ दोन्ही बिघडतात. म्हणून कोट पाहताना सर्वांत आधी खांदा पाहावा : बाहीची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी संपली पाहिजे. भिंतीला एका बाजूने टेकून उभे राहिल्यावर दंडाच्या आधी कोटाचे पॅड भिंतीला लागले, तर तो कोट मोठा आहे, आणि कोणी काहीही सांगितले तरी तो ऑल्टरने बसणार नाही.

हात वर केल्यावर कोट वर चढतो, याचे कारण मुंढा खोल आणि सैल कापलेला असतो. मुंढा मोठा म्हणजे हात मोकळा असे लोकांना वाटते, प्रत्यक्षात मुंढा काखेजवळ असेल तेव्हाच हात कोटाला न ओढता हलतो. हा दोष कापणीचा आहे, त्याला नंतर इलाज नाही. कॉलर मानेपासून सुटते ती मात्र पाठीच्या वरच्या शिवणीत थोडे कापड उचलून बरीच बसवता येते.

आपल्या मुलांची आणखी एक अडचण दुकानात कोणी लक्षात घेत नाही. कंपन्या बहुधा ४० छातीच्या कोटासोबत ३४ कमरेची पँट देतात. शेतात राबणाऱ्या मुलाचा खांदा रुंद आणि कंबर ३० किंवा ३१ असते. त्याला पँट बसेल असा सूट दिला तर कोट आवळतो, आणि कोटाच्या मापाने दिला तर पँटला मागे मोठी चुणी घालावी लागते आणि खिसे एकमेकांजवळ सरकतात. अशा मुलाने कोट आणि पँट वेगवेगळ्या मापांत मिळतात का, हे आधीच विचारावे.

आता फुग्यांविषयी. कोटाच्या छातीला आकार यावा म्हणून बाहेरचे कापड आणि अस्तर यांच्यामध्ये एक थर असतो. जुन्या पद्धतीत तो कॅनव्हासचा असतो आणि टाक्यांनी धरलेला असतो. आज तालुक्या-जिल्ह्याच्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कोटांत तो उष्णतेने चिकटवलेला असतो, त्याला आम्ही फ्युजिंग म्हणतो. चांगले फ्युजिंग वर्षानुवर्षे टिकते, त्यामुळे त्याला सरसकट वाईट म्हणणे योग्य नाही. परंतु डिंक हलका असेल किंवा फार गरम इस्त्री ओल्या कापडावर दाबली असेल, तर तो जागोजागी सुटतो आणि कापड फुगते. छातीजवळचे कापड चिमटीत धरून थर अलग करून पाहिले आणि मध्ये तिसरा थर मोकळा हलताना जाणवला, तर कॅनव्हास आहे असे समजावे. तुमच्या कोटावरचे फुगे दाबून तात्पुरते बसतील, पण दमट हवेत पुन्हा उठतील. हा कोट दुरुस्तीवर खर्च करण्याजोगा नाही.

उत्तर : ग्राहक चळवळीतील कार्यकर्ती, यवतमाळ

दादा, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यामुळेच आपल्याकडे लग्नातल्या खरेदीच्या तक्रारी होत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ग्राहकाच्या व्याख्येत पैसे देणाऱ्याबरोबरच त्याच्या संमतीने ती वस्तू वापरणाराही येतो. सासऱ्यांनी घेऊन दिलेला सूट तुमचा भाऊ वापरणार आहे, म्हणून तोही ग्राहक आहे आणि तक्रार त्याच्या नावाने होऊ शकते. मुलीच्या वडिलांना पुढे करण्याची गरज नाही.

छापील ओळीने सदोष मालाची जबाबदारी टळत नाही. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही याच कायद्याच्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा त्याच कलमात मोडते. जीएसटी वेगळा लागेल हे सांगणे तर सरळ दिशाभूल आहे, कारण एमआरपीत सर्व कर धरलेले असतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांवरच्या तयार कपड्यावर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो त्या ९,९९९ मध्येच आहे. पक्के बिल मागणाऱ्याकडून सवलतीच्या किमतीवर आणखी कर मागण्याचा हेतू विक्री वहीबाहेर ठेवणे हाच असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र तक्रार कशाची करायची, याचा नीट विचार करावा. खांदा मोठा आहे हे ट्रायलच्या वेळी दिसत होते आणि तुम्ही कोट घेतला, असे दुकानदार म्हणेल, त्यामुळे तो मुद्दा एकटा कमकुवत ठरू शकतो. छातीवरचे फुगे हा मालातील किंवा इस्त्रीतील दोष आहे, आणि ‘ऑल्टरमध्ये सारं बसते’ असे आश्वासन देऊन ते न पाळणे ही सेवेतील त्रुटी आहे. या दोन गोष्टी पुढे ठेवाव्यात. कोट यापुढे अंगात घालू नये, चिठ्ठी काढू नये, उजेडात फुग्यांचे फोटो काढून ठेवावेत. त्यानंतर तारखेसह लेखी पत्र देऊन प्रतीवर पोच घ्यावी, आणि पोच देण्यास नकार दिल्यास तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे. कोट कंपनीचा असेल तर चिठ्ठीवरील ग्राहक सेवा क्रमांकावरही कळवावे.

तेवढ्याने काम झाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, तेथे मराठीतही बोलता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तेथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे उद्या कोणी नागपूरला सीताबर्डीत सूट घेतला तरी यवतमाळलाच दाद मागता येईल. मुदत दोन वर्षांची आहे. तुमच्या आदरणीय पाहुण्यांना जे ऐकून घ्यावे लागले, त्याचा उल्लेख पत्रात शब्दशः करावा. मानसिक त्रासाची भरपाई मागता येते आणि ती मागण्यात कमीपणा मानू नये.

उत्तर : कपड्यांच्या दुकानात पूर्वी नोकरी केलेले, हिंगणघाट

ताईंचे म्हणणे योग्य आहे, तरी पत्राच्या आधी एकदा मालकाला समोरासमोर भेटावे असे मला वाटते. सकाळी दुकान उघडल्यावर जावे, भावाने कोट घालून मालकासमोर उजेडात उभे राहावे आणि फक्त फुगे दाखवावेत. सीझनमध्ये मालक गल्ल्यावर असतो, वरच्या मजल्यावर काय बोलले गेले ते त्याच्यापर्यंत अनेकदा पोहोचत नाही. विक्रेत्याला विक्रीवर जादा पैसे मिळतात आणि ऑल्टर करणारा कारागीर बहुतेक ठिकाणी बाहेरचा, नगावर काम करणारा असतो. खडूच्या खुणा ज्याने केल्या तो वेगळा आणि शिवणारा वेगळा, त्यामुळे खांद्याविषयी तुम्ही बोललेला शब्द कारागिराला कळलेलाच नसतो. हे मी समर्थनासाठी सांगत नाही. गावाकडच्या माणसाची चप्पल पाहून त्याचे बजेट ठरवण्याची सवय मी जवळून पाहिली आहे, आणि ती मला तेव्हाही सहन होत नव्हती.

ज्यांचा बस्ता अजून व्हायचा आहे, त्यांनी नवरदेवाच्या सूटपासूनच सुरुवात करावी, कारण साड्या पाहून दमलेली मंडळी संध्याकाळी मिळेल ते घेऊन मोकळी होतात, आणि दुकानाला ते ठाऊक असते. लग्नात घालायचा शर्ट आणि बूट सोबत न्यावेत. ऑल्टर काय करायचे ते बिलावर लिहून घ्यावे आणि काही रक्कम शेवटच्या ट्रायलनंतर देण्याचे आधीच ठरवावे. बाकी रकमेसाठी दुकान जेवढे धावपळ करते, तेवढी पूर्ण पैसे मिळाल्यावर करत नाही.

पुन्हा प्रश्नकर्ता : दारव्हा तालुक्यातील वाचक

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. ही उत्तरे मी घरी वाचून दाखवली. आपणही ग्राहक आहोत हे कळल्यावर भाऊ स्वतः जायला तयार झाला आहे. सासऱ्यांना लग्नाआधी वाद नको आहे, म्हणून सकाळी जाऊन शांतपणे बोलायचे, पत्र सोबत तयार ठेवायचे आणि बदली कोटाऐवजी पैसेच परत मागायचे, असे आम्ही ठरवले आहे. पैसे परत मिळोत वा न मिळोत, लग्नासाठी कोट शिवूनच घ्यायचा आहे. लग्न दुपारचे आहे आणि त्या दिवसांत आमच्याकडे पारा ४४ अंशांपर्यंत जातो. कापड कोणते घ्यावे आणि शिंप्याला काय सांगावे?

उत्तर : शिवणकाम करणारे, मोर्शी तालुका

५८ इंच पन्ह्याचे कापड असेल तर दोन कपड्यांच्या सूटला सव्वातीन मीटर पुरते, उंच मुलाला थोडे जास्त लागेल. कापडावर जीएसटी ५ टक्केच आहे, त्यामुळे शिलाई धरूनही खर्च तयार सूटच्या आसपास येतो, आणि खांदा मात्र त्याच्याच मापाचा मिळतो. निव्वळ पॉलिस्टर वैशाखात घालू नये, त्यातून हवा खेळत नाही. हलक्या वजनाचे टेरीवूल, म्हणजे पॉलिस्टर आणि लोकर यांचे मिश्र कापड, घ्यावे. लोकर म्हटले की लोक उन्हाळ्यात नको म्हणतात, परंतु पातळ विणीची लोकर घाम शोषून घेते आणि चुरगळत नाही. आपल्या शेजारच्या पांढुर्णा (पूर्वीच्या छिंदवाडा) जिल्ह्यातच रेमंडची लोकरी सूटिंगची गिरणी आहे, असे कापड विदर्भात मिळणे अवघड नाही. ठाणाच्या काठावर लोकर किती टक्के आहे ते बहुधा छापलेले असते, ते स्वतः वाचावे, विक्रेत्याच्या सांगण्यावर जाऊ नये.

शिंप्याला पाठीला अर्धेच अस्तर लावायला सांगावे, त्याने पाठ मोकळी राहते. मुंढा वर ठेवायला सांगावे. बाजूच्या शिवणींत इंचभर माया सोडायला लावावी, म्हणजे पुढे अंग भरले तरी कोट वापरता येईल. सीझनमध्ये चांगल्या कारागिराकडे रांग असते, म्हणून कापड याच आठवड्यात टाकावे आणि कच्च्या शिलाईवर ट्रायल देणार का, हे माप देण्यापूर्वीच विचारावे. जो देत नाही त्याच्याकडे कोट टाकू नये. त्या ट्रायलला भावाने लग्नातलाच शर्ट घालावा, दोन्ही हात हार घालताना उचलतो तेवढे वर करून पाहावेत आणि खांदा ओढत असेल तर तिथल्या तिथे सांगावे, कारण कच्ची शिलाई उसवायला कारागिराला काहीच वेळ लागत नाही.