सोलरचे उरलेले युनिट ३१ मार्चला कवडीमोल का?

गच्चीवाला_नाशिक:
आमच्याकडे ३ किलोवॅटचं सोलर आहे, केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून ७८ हजार सबसिडी आली, बाकीचे पीएफमधून घातले. जानेवारीपासून पंखे बंद आणि ऊन कडक, दिवसाला १२ युनिट बनायचे, घरात लागायचे ७, उरलेले ग्रिडला. बिलावर शिल्लक चढत चढत ४१२ युनिट झाली, म्हटलं एप्रिल-मेचा कूलर यातच निघेल. आणि ३१ मार्चला शिल्लक शून्य! उरलेल्या युनिटचे पैसे जमा केले, पण जो दर लावला तो मी वीज घेतो त्याच्या निम्मापण नाही. माझंच युनिट शेजारच्या घरात पूर्ण दराने जातं ना? मग हा न्याय कुठला?

सबस्टेशनवाले_काका:
तुमची चिडचिड कळते, पण मी ३१ वर्षं सबस्टेशनला काढलीत म्हणून सांगतो. दुपारी १२ ला सगळीकडेच सोलर ओततंय, तेव्हा वीज स्वस्त असते. संध्याकाळी ७ ला घरोघरी दिवे, मिक्सर, एसी एकदम चालू, तेव्हा तुमचं पॅनल गप्प. मग कोयनेचं पाणी सोडा, कोळशाचे संच चढवा. तुम्हाला मात्र नेट मीटरमध्ये (दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा होते) दुपारच्या युनिटला रात्रीचं युनिट एकास एक मिळतं, वजा झालेल्या युनिटवर वहन आकार, म्हणजे तारांमधून वीज आणण्याचे पैसेसुद्धा नाहीत. तारा, ट्रान्सफॉर्मर, लाइनमनचा पगार कोण भरणार, चाळीत भाड्याने राहणारा? त्याला तर गच्चीच नाही.

विदर्भाची_लेक:
काका, तारांचा खर्च मान्य, तो स्थिर आकारात उघड लावा ना. माझं भांडण तारखेशी आहे. आमच्या अकोल्यात एप्रिलपासून कूलर दिवसरात्र, आणि शिल्लक पुसली जाते बरोबर त्याच्या आदल्या दिवशी! हिशोबाचं वर्ष सप्टेंबरअखेर संपवा, उन्हाळा आणि पावसाळा दोन्हीत शिल्लक आपोआप वापरून होते, मग कमी दराचा प्रश्नच फारसा उरत नाही. विजेचे दर ठरवणारं वीज नियामक आयोग जनसुनावणीला लेखी हरकती घेतं, मी हेच लिहून देणारे. आणि दादा, तोवर मोटर, वॉशिंग मशीन ११ ते ३ मध्ये लावा. घरात जागेवर वापरलेलं युनिट पूर्ण दराचंच वाचतं, त्यात कुणी कात्री लावू शकत नाही.

गच्चीवाला_नाशिक:
ताई, सप्टेंबरचा मुद्दा एकदम पटला. मसुदा इथे टाका, आमच्या गल्लीत ६ घरांवर पॅनल आहेत, सगळ्यांच्या सह्या घेतो. काका, संध्याकाळचं तुमचं म्हणणंही त्यात घालू.