मदत हवी आहे: ऐकता ऐकता टिपणं काढायला कसं शिकवू?

नमस्कार मंडळी. मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते. दीड मिनिटाचा उतारा ऐकवला की मुलं पहिल्याच वाक्यावर तुटून पडतात, शब्दन् शब्द उतरवायला. परवा एकीच्या वहीत 'द ट्रेन विल लीव्ह' एवढंच होतं, पुढे 'प्लॅटफॉर्म'च्या स्पेलिंगची खाडाखोड. तोवर गाडीची वेळ सांगून झाली होती!

कॉर्नेल पद्धतीचं पान करून पाहिलं: डावीकडे अरुंद रकान्यात प्रश्न, उजवीकडे मुद्दे, तळाशी सारांश. पट्टीने रेघा आखण्यातच अर्धा तास संपला. एक मात्र जमलं. पहिल्यांदा पेनं खाली ठेवून नुसतं ऐकायचं, दुसऱ्यांदा फक्त आकडे, नावं आणि बाण. त्या दिवशी उत्तरं बरीच सुधारली.

आता अडलंय ते इथे: टिपणं मराठीत काढू द्यावीत का? मला वाटतं द्यावीत. तपासायचंय ते ऐकणं, स्पेलिंग नव्हे. सहकारी म्हणतात, वाईट सवय लागेल. 'उदा.', 'म्ह.' अशी लघुरूपं कुणी मुद्दाम शिकवली आहेत का? आणि ५२ मुलांची टिपणं तुम्ही तपासता तरी कशी?